माळ्यावर खोली करण्यापूर्वी

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमचे सुमारे ८० वर्षांचे, जांभ्या चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे घर आहे. माळ्यावर आजवर भात, नारळ आणि अडगळ असे. तेथे निजण्याची खोली करावयाची आहे. परंतु कैचीच्या (छपर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्याच्या) आडव्या तुळया फळ्यांपासून गुडघाभर उंचीवर येतात आणि सुतार त्या कापू म्हणतो. काय करावे?

उत्तर : सुताराला आधी थांबवा. ही आडवी तुळई तुम्हांला अडथळा वाटत असली, तरी छपराच्या दोन्ही उतारांचे तिरपे लाकूड खालच्या बाजूला फाकू नये म्हणून त्याला बांधून ठेवण्याचे काम तीच करते. ती कापली की कौलांचा भार भिंतींच्या माथ्याला बाहेर रेटू लागतो, आणि चिऱ्याची भिंत वरून आलेले वजन जितके सहज पेलते तितका हा आडवा रेटा पेलत नाही. भेग कधी कधी दोन-तीन पावसाळ्यांनंतर दिसते, तोवर सुताराचे पैसे चुकते झालेले असतात. दोन कैच्यांमधल्या गाळ्यातच खोली बसवणे उत्तम. तुळई हलवणे अटळच असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आखणी करून घ्यावी.

राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, म्हणजे ३ × ४ मीटरच्या खोलीला २,४०० किलो. माळ्याने भाताची पोती पेलली हे खरे, पण ती बहुधा भिंतीकडेला असत. माणसे मधोमध वावरतात. तुळयांची भिंतीत शिरलेली टोके पेचकसाने टोचून पाहा. पाते सहज आत गेले, किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर वाळवीने किंवा ओलीने लाकूड पोखरलेले समजावे.

उतरत्या छपराखालच्या राहत्या खोलीची सरासरी उंची राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार किमान २.७५ मीटर असावी; जुने माळे येथेच कमी पडतात. जिन्याची पायरी १९ सेंटीमीटरहून उंच नसावी. शिडीवर भागवू नये. कौलांखाली उष्णतारोधक थर घालताना मध्ये हवेला वाट ठेवावी, नाहीतर एप्रिलच्या दुपारी तेथे बसवणार नाही. परवानगीची चौकशी ग्रामपंचायतीत लेखी करावी, आणि घर सामाईक असल्यास भाऊबंदांची संमती त्याआधी घ्यावी.

एवढे झाले तरी काम दिवाळीनंतर काढा. तत्पूर्वी पावसाच्या मोठ्या सरीत बॅटरी घेऊन माळ्यावर जा आणि जेथे जेथे थेंब पडतो, तेथे फळीवर खडूने खूण करून ठेवा.