वॉशिंग मशीनमधील बुरशी : सुरुवात रबरापासून करा

समोरून दार असलेल्या मशीनमध्ये बुरशी प्रथम दाराच्या रबरी घडीत धरते, कारण तेथे पाणी व धागे साचून राहतात. म्हणून ती घडी बोटांनी उलगडून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने आतपर्यंत पुसून घ्या. त्यानंतर रिकामे मशीन ६० अंश तापमानावर चालवा. ब्लीच वापरणार असाल, तर त्यासोबत व्हिनेगर मुळीच घालू नका, कारण दोहोंच्या संयोगाने विषारी क्लोरीन वायू तयार होतो. खरे मूळ मात्र, माझ्या मते, जास्त पावडर आणि कायम थंड पाण्यातील धुलाई हे असते, कारण उरलेल्या साबणाचा व कपड्यांतील तेलकटपणाचा थर ड्रमच्या न दिसणाऱ्या बाजूस साचत जातो. धुणे संपल्यावर दार उघडे ठेवा; घरात लहान मूल असल्यास ते आत शिरणार नाही, याची काळजी अवश्य घ्या.