वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या संघांच्या स्पर्धेत गटातले विजय सारखे झाले तर पुढे कोण जातं? तिथेही नेट रन रेट असतो का?

नाही, नेट रन रेट नसतो. त्याच्या जागी जे आहे ते जास्त कडक आहे. सामना हातातून गेलेला असतानाही हे संघ एकेका रनसाठी एवढा जीव का टाकतात, हे जे तुम्ही पुढे विचारलंय, त्याचं उत्तरही त्यातच सापडेल.

आधी मांडणी. २०२३ मध्ये २० संघ होते, पाच-पाचांचे चार गट. प्रत्येकाला चारच सामने आणि गटातले पहिले दोन थेट उपांत्यपूर्व फेरीत. बेसबॉलमध्ये भलाभला संघही एखाद्या दिवशी कुणाकडूनही मार खातो. त्यात सामने इतके कमी, म्हणजे गुणतक्त्यात गर्दी ठरलेलीच.

दोघांची बरोबरी झाली तर फार डोकं लावावं लागत नाही. आपसातला सामना कोणी जिंकला ते बघायचं. २०२३ मध्ये मेक्सिको आणि अमेरिका दोघांचेही तीन विजय, एक पराभव. मेक्सिकोने अमेरिकेला ११-५ असं झोडपलं होतं, म्हणून मेक्सिको पहिला.

तिघं-चौघं अडकले आणि याने त्याला, त्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने पुन्हा याला हरवलेलं असलं, की खरी गंमत. तेव्हा त्यांच्या आपसातल्या सामन्यांत प्रत्येकाने किती रन दिले ते मोजतात आणि फील्डिंग करताना मिळवलेल्या आउटच्या संख्येने भागतात (सामना नऊ इनिंगचा, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेक पाळी, तीन आउट झाले की पाळी संपली). भागाकार कमी तो वर. तुम्ही स्वतः किती रन काढले याला इथे कवडीची किंमत नाही.

याचा कळस झाला २०२३ मध्ये तैवानमधल्या तैचुंगच्या गटात. क्यूबा, इटली, नेदरलँड्स, पनामा आणि चायनीज तैपेई या नावाने खेळणारा यजमान तैवान. पाचही संघांचे दोन विजय, दोन पराभव! झाडून सगळा गट बरोबरीत. क्यूबाने १०८ आउट मिळवताना १५ रन दिले होते (०.१३९), इटलीने तेवढ्याच आउटमध्ये १७ (०.१५७), नेदरलँड्सने १०२ आउटमध्ये १९ (०.१८६). पहिले दोन सामने हरलेला क्यूबा गटात पहिला आला आणि पुढे उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

आता नेदरलँड्सचा शेवटचा सामना जवळून बघा. इटलीविरुद्ध उतरताना त्यांच्या नावावर ७८ आउटमध्ये १२ रन होते, म्हणजे स्थिती उत्तम. ते ७-१ ने हरले. इटली घरच्या संघाच्या जागी, म्हणजे प्रत्येक इनिंगमध्ये नंतर बॅटिंग करणारा होता आणि आघाडीवर होता, म्हणून नवव्या इनिंगमध्ये त्याला बॅटिंग करायची गरजच पडली नाही. नेदरलँड्सला आउट मिळाले २४. समजा हाच सामना ते ४-१ ने हरले असते. मग १६ भागिले १०२, म्हणजे ०.१५६९. इटलीचा आकडा १७ भागिले १०८, म्हणजे ०.१५७४. हरूनही नेदरलँड्स पुढे गेलं असतं आणि जिंकलेला इटली बाहेर! सामना गेला तरी पाचवा, सहावा, सातवा रन अडवणं हाच तिथे खरा सामना होता.

२०१७ मध्ये इटली आणि व्हेनेझुएलाबरोबरच्या तिहेरी बरोबरीत मेक्सिकोचं याहून वाईट झालं. तेव्हा आउटऐवजी इनिंगने भागत, तत्त्व तेच. इटलीविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये ९-५ अशी आघाडी असताना मेक्सिकोच्या पिचरना (चेंडू टाकणाऱ्यांना) एकही आउट मिळाला नाही, पाच रन गेले आणि सामना १०-९ ने गेला. नंतर त्यांनी व्हेनेझुएलाला ११-९ ने हरवलं आणि त्यांना वाटलं की आपण तरलो. पण आउट शून्य असल्यामुळे ती नववी इनिंग हिशेबात धरलीच गेली नाही: १७ इनिंगमध्ये १९ रन, म्हणजे १.११८. व्हेनेझुएलाचे १९ इनिंगमध्ये २१, म्हणजे १.१०५. नवव्या इनिंगमध्ये एक आउट जरी मिळाला असता तरी मेक्सिकोचा आकडा १.०९६ वर आला असता.

मग प्रत्येक वेळी चांगला पिचर आणून रन का थोपवत नाहीत? कारण पिचर जपून वापरावे लागतात. २०२३ मध्ये पहिल्या फेरीत एका पिचरला एका सामन्यात ६५ चेंडूंची मर्यादा होती. ५० किंवा जास्त टाकले की चार दिवस सुट्टी, ३० टाकले की एक दिवस. मर्यादा किती निष्ठुर आहे ते पोर्तो रिकोच्या होसे दे लिओनला विचारा. इस्राएलविरुद्ध एकही बॅटर बेसवर पोहोचू न देता, दहा जणांना स्ट्राइकआउट करून, ६४ चेंडूंवर त्याला बाहेर यावं लागलं. त्यामुळे सात रनांनी मागे असलेल्या मॅनेजरपुढे पेच असतो: उद्याच्या सामन्याचा पिचर आजच्या हरलेल्या सामन्यात खर्च करायचा, की दुय्यम पिचर ठेवून आणखी तीन रन जाऊ द्यायचे? साखळी फेरीत मला सर्वांत बघण्यासारखा क्षण हाच वाटतो. निव्वळ होम रन बघायला बसणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही.

नियम न्याय्य आहे का? आउटने भागणं मला पटतं, कारण सगळ्या संघांना सारख्या इनिंग मिळत नाहीत. पण रन काढण्याला शून्य किंमत, हे गळी उतरत नाही. तैचुंगमध्ये तैवानने २६ रन काढले, गटात सर्वांत जास्त. ३१ दिले म्हणून तोच शेवटचा आला आणि पुढच्या स्पर्धेसाठी त्याला पात्रता फेरीत जावं लागलं.

अर्थात केलेले रन मोजूनही बघितलंय. २०१३ मध्ये दोन्ही बाजूंचा हिशेब होत असे. फिनिक्समध्ये कॅनडा नवव्या इनिंगमध्ये मेक्सिकोविरुद्ध ९-३ ने पुढे होता, तरी त्यांच्या क्रिस रॉबिन्सनने बंट टाकून, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ ढकलून, बेस गाठला. एवढी आघाडी असताना बंट टाकणं बेसबॉलच्या अलिखित शिष्टाचारात बसत नाही. मेक्सिकोच्या पिचरने पुढच्या बॅटरच्या अंगावर चेंडू मारला, दोन्ही संघ मैदानात धावले आणि चांगलीच हाणामारी झाली. कॅनडा १०-३ ने जिंकला. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे रॉबिन्सनचं काहीच चुकलं नव्हतं.