नॅसचा वेग ११ एमबीवर अडलाय, डिस्क बदलू का?

तुमचा प्रश्न असा: बडोद्याला दांडिया बाजारात अकाउंट्सचं ऑफिस, चार डिस्कचा नॅस (सगळ्यांच्या फाइली ठेवायचा नेटवर्कवरचा डबा), मोठी फाइल टाकली तरी वेग सेकंदाला ११ एमबीच्या पुढे जात नाही आणि दुकानदार नव्या डिस्क घ्या म्हणतो.

घेऊ नका. निदान आज तरी नाही. १०० मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला ११-१२ एमबीच जातात (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी), गिगाबिटमधून, म्हणजे १००० मेगाबिटमधून, ११० च्या आसपास. आजारी डिस्कचा वेग वरखाली होत राहतो, एका आकड्यावर असा खिळून बसत नाही. मधे कुठेतरी १०० चा अडसर आहे, तो शोधा.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड दिसतो, नॅसच्या नेटवर्क पानावरही. जिथे १००० ऐवजी १०० दिसेल तिथली पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी नेटवर्क केबल) आधी बदला. दोन्हीकडे १००० असेल तर मधला राउटर किंवा दोन स्विचना जोडणारी तार बघा. ब्रॉडबँडबरोबर आलेल्या स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट पुष्कळदा १०० चेच असतात. तसं असेल तर एक गिगाबिट स्विच आणा, नॅस आणि सगळे कॉम्प्युटर त्यावर घ्या आणि राउटरकडे एकच तार जाऊ द्या.

खरी गोम बहुतेक वेळा भिंतीतल्या तारेत असते. गिगाबिटला केबलच्या आतल्या आठही तारा लागतात. १०० ला चारच पुरतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी नेट चालू राहतं, फक्त वेग गुपचूप १०० वर उतरतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. कधी वायरमनने एकाच केबलच्या चार-चार तारा करून दोन टेबलांना जोडलेल्या असतात. टेस्टर लावून आठही दिवे लागतात का पाहा. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल निघाली, तर टोकाचे प्लग पुन्हा क्रिंप करत (दाबून बसवत) बसू नका. अस्सल तांब्याची कॅट-६ ओढा.

मग नॅसवर आणि एका कॉम्प्युटरवर आयपर्फ-३ हा नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम चालवा. यात डिस्कचा संबंधच येत नाही. ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला की नेटवर्क सुटलं.

त्यानंतरही ५ जीबीची एक फाइल रखडत असेल, तरच डिस्ककडे वळा. हजारो छोट्या पीडीएफ मात्र हळूच जाणार, कारण दर फाइलला उघडण्या-मिटण्याची फेरी वेगळी पडते. त्या झिप करून पाठवा. टॅलीचा डेटा नॅसवर ठेवून वायफायवरून उघडत असाल, तर तो लॅपटॉप तारेवर आणा.

स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ५, १९७ आणि १९८ या खराब जागा मोजणाऱ्या ओळींची रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, शून्य हवी. ती वाढत असेल तर ती डिस्क खरंच जायला आली आहे. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्क जोडणाऱ्या साटा केबलचा किंवा खाचेतल्या जोडणीचा. डिस्क बदलायचीच झाली तर सीएमआर प्रकारचीच (जिच्यात डेटाच्या रेघा शेजारी-शेजारी असतात) मागा; एसएमआर डिस्क (जिच्यात त्या एकमेकींवर चढलेल्या असतात) रेडच्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्कच्या, रिबिल्डमध्ये, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरताना, फार रखडते. आणि रिबिल्ड सुरू करण्याआधी सगळ्या डेटाचा बॅकअप वेगळ्या यूएसबी डिस्कवर घ्या, कारण त्या काळात बाकीच्या डिस्कवर सलग ताण येतो आणि दुसरी डिस्क नेमकी तेव्हाच जाऊ शकते.