माद्रिद की बार्सा? आधी संघ सोडून गेलेल्यांची यादी वाच

मित्रा, सीझनच्या तोंडावर रिअल माद्रिद आणि बार्सिलोना (बार्सा) हे स्पेनचे दोन्ही फुटबॉल संघ शेजारी मांडून बघतोयस, छान. फक्त नावांची बेरीज करू नकोस. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही बहुतेकांनी तेच केलं. युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या रिअल माद्रिदमध्ये गोल करणारा एम्बापे आला, म्हणजे विषयच संपला! पण टोनी क्रूस निवृत्त झाला होता, आणि मधल्या फळीतून खेळाची लय ठरवणारा तसा दुसरा माणूस आणलाच नाही. एम्बापेने स्पेनच्या लीगमध्ये, म्हणजे ला लीगात, ३१ गोल केले, तरी लीग बार्सिलोनाने नेली.

मग राखीव बचावपटू बघ. त्याच सीझनमध्ये माद्रिदच्या बचावात ऑक्टोबरमध्ये कार्वाहालचा गुडघा गेला, नोव्हेंबरमध्ये मिलिताओचा. उजव्या बाजूला मूळचा विंगर असलेला लुकास वास्केझ खेळत राहिला.

प्रशिक्षकाची पद्धत तर संघयादीत दिसतच नाही. २६ ऑक्टोबर २०२४ चा, माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावरचा या दोघांचा सामना मिळाला तर पूर्ण बघ. चेंडूवर नको, बार्साच्या मागच्या फळीवर नजर ठेव. १७ वर्षांचा कुबार्सी आणि इन्यिगो मार्टिनेझ जवळजवळ मधल्या रेषेपर्यंत वर सरकलेले, आणि एम्बापे पुन्हा पुन्हा ऑफसाइड, म्हणजे पास येताना बचावफळीच्या पुढे गेलेला. त्याचा गोलसुद्धा रद्द झाला. निकाल ०-४, बार्सा जिंकली. बार्साच्या प्रशिक्षकाचं, हान्सी फ्लिकचं, हे धाडस मला आजही थक्क करतं.

बार्साच्या बाबतीत आणखी एक: खेळाडू विकत घेतला म्हणजे तो खेळेलच असं नाही. ला लीगाच्या पगारमर्यादेमुळे (क्लबने पगारावर किती खर्च करायचा याची मर्यादा) २०२४ मध्ये नोंदणी रखडली आणि नवा आलेला दानी ओल्मो सुरुवातीचे सामने बाहेर होता. त्यामुळे नव्या खेळाडूची नोंदणी झाली का, ते आधी तपास.