अलास्काच्या क्रूझसाठी बाल्कनीची खोली घ्यावी का?

तुम्ही लिहिले आहे की, तुम्ही उभयता साठीच्या पुढचे आहात, मुलगा सिअ‍ॅटलला असतो, त्याच्याकडे गेल्यावर सात रात्रींची अलास्काची क्रूझ करण्याचा विचार आहे आणि बाल्कनीच्या खोलीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत की बिनखिडकीच्या आतल्या खोलीवर भागवावे, हे ठरत नाही. माझ्या मते खोलीला बाल्कनी आहे की नाही ही नंतरची गोष्ट आहे. ती जहाजाच्या कोणत्या भागात आणि कितव्या मजल्यावर आहे, हे आधी पाहावे. हे मी स्वतः भोगून शिकले आहे आणि आमच्या घरात ते अद्याप मान्य झालेले नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

मी मूळची मालवणची. माझ्या लहानपणी मुंबईहून गावी जायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने जायचे. डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची, आणि मालवणला बोट बाहेर समुद्रातच उभी राहत असल्यामुळे तिथून पडावात उतरून किनारा गाठायचा. आजूबाजूची माणसे बोट लागून आडवी झालेली असत आणि आम्ही भावंडे त्यांच्यामधून वाट काढत हुंदडत असू. यजमान नगरचे. त्यांनी समुद्र पाहिला तोच मुळी कॉलेजच्या सहलीत. त्यामुळे लग्नानंतरची चाळीस वर्षे, ‘आम्हा कोकणातल्या माणसांना बोट लागत नाही’ हे वाक्य मी त्यांना बरेच वेळा ऐकवले होते, हे कबूल करायला हवे.

मुलीने क्रूझचे आरक्षण करायला घेतले तेव्हा जहाजाचा नकाशा संगणकावर उघडून आम्ही तिघे बसलो. मी म्हणाले, खालच्या मजल्यावर आणि मधोमध खोली बघ. यजमानांचे म्हणणे असे की, आयुष्यात एकदाच जायचे तर उंचावरून पाहावे. त्यांनी दहाव्या मजल्यावरची, पार पुढच्या टोकाची, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत नाळेवरची, बाल्कनीची खोली पसंत केली आणि वर मला विचारले, “तुला कशाची भीती? तू तर कोकणातली.” यावर मला उत्तर देता आले नाही.

पहिली संध्याकाळ फार सुरेख गेली. सिअ‍ॅटलहून निघाल्यावर कित्येक तास जहाज आतल्या शांत पाण्यातूनच जाते, त्यामुळे ताटातली वाटीसुद्धा हलत नाही. मध्यरात्रीनंतर ते खुल्या पॅसिफिक महासागरात शिरले. मला जाग आली ती कपाटातल्या आवाजाने. आतले रिकामे हँगर आधी एका बाजूला जाऊन टक् करत, मग क्षणभर थांबून दुसऱ्या बाजूला. पडदा खिडकीपासून वीतभर दूर जाऊन तसाच लोंबकळत राही आणि सावकाश परत येई. पुढचा सगळा दिवस मी न्हाणीघर आणि पलंग यांच्यामध्ये काढला. जिन्यापाशी आणि लिफ्टपाशी कागदी पिशव्या अडकवून ठेवल्या होत्या, यावरून ही अवस्था माझ्या एकटीची नव्हती हे उघड आहे. परंतु यजमान नाश्त्याला जाऊन दोन ऑम्लेटे खाऊन आले आणि माझ्यासाठी एक हिरवे सफरचंद घेऊन आले, कारण वाढप्याने त्यांना मळमळीवर तेच चांगले असे सांगितले होते. सफरचंद उशीजवळ ठेवून ते एवढेच म्हणाले, “मालवणची बोट लागली वाटतं.” तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हा प्रसंग ऐकावा लागतो.

आता त्यातले खरे काय ते सांगते. लाटेवर जहाज पुढेमागे झुलते तेव्हा ते लहान मुलांच्या सी-सॉसारखे झुलते; टोके वरखाली होतात आणि मधला भाग जवळजवळ जागच्या जागी राहतो. बाजूला कलते तेव्हा जितके उंच असाल तितका झोका मोठा. म्हणजे आमची खोली ही दोन्ही दृष्टींनी वाईट जागा होती. शिवाय बोट लागते ती मुख्यतः कानाच्या आतल्या भागाला हालचाल जाणवते आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, या विसंगतीमुळे. लहानपणी मी उघड्या डेकवर, वाऱ्यात, क्षितिज समोर ठेवून बसलेली असे आणि ती बोट पावसाळ्यात बंदही असे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. यजमान म्हणतात की, तसे असेल तर बाल्कनीतून क्षितिज दिसतच होते. दिवसा दिसते, रात्री दोन वाजता बाल्कनीतून फक्त अंधार दिसतो.

परतीच्या प्रवासात जहाज पुन्हा त्याच खुल्या समुद्रातून जाणार होते, म्हणून त्या रात्री मी शाल आणि उशी घेऊन पाचव्या मजल्यावर, जहाजाच्या बरोबर मध्यभागी असलेल्या दिवाणखान्यातल्या कोचावर जाऊन पडले. रात्रपाळीच्या एका फिलिपिनो मुलीने दोनदा येऊन विचारपूस केली. मला सहा तास गाढ झोप लागली. यावर यजमानांचे उत्तर असे की, परतताना समुद्रच शांत होता. तो शांत नव्हता. सकाळी जिन्यापाशी पिशव्या पुन्हा अडकवलेल्या मी मोजून आठ पाहिल्या.

राहिला बाल्कनीच्या उपयोगाचा प्रश्न. ज्या दिवशी जहाज ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या उपसागरात असते, तो दिवस या सहलीचा कळस होय. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकूव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेतल्या लोकांनी पाहिले तेव्हा हा उपसागर जवळजवळ तोंडापर्यंत बर्फाने भरलेला होता. आज त्या बर्फाने मोकळ्या केलेल्या पाण्यातून जहाज शंभर किलोमीटरच्या आसपास आत जाते. मार्जरी हिमनदीसमोर कप्तान जहाज जागच्या जागी सावकाश फिरवतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना ती दिसते. यजमान बाल्कनीत ब्लँकेट गुंडाळून चहा पीत बसले होते. मी पुढच्या उघड्या डेकवर होते, जिथे राष्ट्रीय उद्यानाच्या रेंजरबाई ध्वनिवर्धकावरून माहिती सांगत होत्या. बर्फाचा कडा तुटला तेव्हा आधी तो पडताना दिसला आणि आवाज मागून आला, तोफेसारखा. डेकवरच्या साऱ्या माणसांनी एकदम श्वास घेतला, तो बाल्कनीत ऐकू येत नाही. परंतु त्यांनाही तो कडा दिसला आणि ते त्यांच्या पद्धतीने खूश होते.

स्कॅगवे या अलास्कातल्या बंदरगावी मात्र आम्ही भांडलो नाही. १८९८ ते १९०० या काळात सोने शोधणाऱ्यांसाठी बांधलेल्या अरुंद रुळांच्या गाडीने व्हाइट पास या खिंडीपर्यंत गेलो आणि दोघांनाही एकाच वेळी माथेरानची गाडी आठवली.

तेव्हा माझा सल्ला असा की, बाल्कनीचे पैसे वाचवावेत आणि त्यातल्या थोड्या पैशांत खालच्या मजल्यावरची, मध्यभागातली, बंद काचेच्या खिडकीची खोली घ्यावी. बिनखिडकीच्या खोलीत सकाळ झाली की नाही तेही कळत नाही, आणि उन्हाळ्यात तिकडे रात्री दहाला उजेड असतो, तो पाहायला मिळावा. दोघांपैकी एकाला गर्दी सहन होत नसेल किंवा गुडघे दुखत असतील, तर बाल्कनी घ्या, पण मधोमध घ्या. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आणि त्रास सुरू होण्याआधीच घ्यायची असते. मी ती घेतली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगते, आणि यजमानांनी ती घेतली होती, हे मला परत आल्यावर समजले. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहराहून निघणारी जहाजे व्हँकूव्हर बेटाच्या आतल्या बाजूने जातात, त्यामुळे समुद्राची भीती असेल तर तो मार्ग बरा.

एक गोष्ट अगदी सुरुवातीला सांगायला हवी होती. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतायचे असेल तर मध्ये परदेशी बंदर घ्यावे लागते, म्हणून ही जहाजे बहुधा शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी त्या काही तासांसाठीही कॅनडाचा व्हिसा आधीच काढून ठेवावा. जहाजावर चढतानाच तो तपासतात. अमेरिकेचा व्हिसाही एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असलेला बरा, कारण तुम्ही बाहेर जाऊन परत येत असता. आमच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका जोडप्याकडे कॅनडाचा कागद नव्हता. त्यांच्या बॅगा आधीच आत गेल्या होत्या आणि त्या परत मागवण्यात पाऊण तास गेला.