गणपतीला आणलेला जुना फोन कुणाच्या कामी येईल?

प्रश्न : आमच्या वाडीतली निम्मी माणसं मुंबईला. गणपतीला येताना घरात पडून असलेले जुने मोबाइल घेऊन या, असा निरोप आम्ही बचत गटातर्फे दिला आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी ते द्यायचे आहेत. तीसेक फोन जमतील. कोणते घ्यावेत?
— बचत गटाच्या अध्यक्षा, गुहागर तालुका

उत्तर : चाकरमान्यांना आणखी एक निरोप पाठवा : फोनबरोबर त्याचाच चार्जर आणा. बारीक पिनेचे जुने चार्जर हल्ली प्रत्येक दुकानात मिळतीलच असं नाही, आणि चार्जर नसलेला फोन चार दिवसांत निकामी होतो.

मग रेंजचा विचार करा. जिओचं टूजी-थ्रीजी नेटवर्क नाहीच, त्यामुळे साधा टूजी फोन जिओच्या सिमवर मुकाच राहतो. त्याला एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम लागतं. जिओफोनचं उलट, तो फक्त जिओचं सिम घेतो. खाडीकाठच्या वाड्यांत कधी एकाच कंपनीची रेंज येते, तीही पडवीच्या एका कोपऱ्यात. ज्या घरात फोन जाणार तिथे कोणती रेंज मिळते, हे ठाऊक झाल्यावरच जोडी लावा.

आमचं मत विचाराल तर जुन्या स्मार्टफोनपेक्षा चालू स्थितीतला बटणाचा फोन बरा. चार्ज चार-पाच दिवस टिकतो. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, श्रीवर्धन-मंडणगड-दापोलीकडे कित्येक गावं आठवड्याहून जास्त अंधारात होती. अशा वेळी हा फरक कळतो. शिवाय त्यात जीमेल नसतं, त्यामुळे त्या वाटेने कुणी माग काढू शकत नाही. स्मार्टफोन द्यायचाच तर ॲण्ड्रॉइड ५ च्या आधीचा नको, त्यावर व्हॉट्सॲप चालत नाही.

तपासणी घाईत करू नका. पूर्ण चार्ज करा, सिम घाला, एक दिवस तसाच ठेवा. स्मार्टफोन पंचवीस-तीस टक्क्यांवर अचानक बंद पडला तर बॅटरीचं आयुष्य संपलं आहे. पाच मिनिटं बोलून पाहा, दोन्ही बाजूंना आवाज नीट येतो का ते विचारा. बटणाच्या फोनची शून्य ते नऊ सगळी बटणं दाबून बघा. १ किंवा २ अडत असेल तर ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लागणारच नाही. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर घ्या आणि इंग्रजीत ‘KYM’ लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला फोन असेल तर इथेच कळतो. चोरीच्या फोनमुळे त्या बाईलाच चौकीत जाब द्यावा लागावा, याहून वाईट काय?

आपल्याकडची खास अडचण खाऱ्या हवेची. चार्जिंगच्या खाचेत तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक दिसेल. फोन बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा, मऊ ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकं घासा आणि पूर्ण वाळू द्या. सुई घालू नका, आतल्या पिना वाकतात.

आता बॅटरी. फोन सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखा फिरला तर बॅटरी फुगली आहे. ती चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही. जळण, कपडे, गवत यांपासून लांब ठेवा आणि अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. भंगारवाल्याला देऊ नका, तो ती फोडतो आणि लिथियम पेट घेतं.

प्रश्न : मी फोन पूर्ण रीसेट करून दिला. तरी संस्थेने परत पाठवला. चालू केला की माझा जुना जीमेल मागतो, म्हणतात. रीसेट केल्यावर सगळं पुसलं जात नाही का?
— अलिबाग

उत्तर : माहिती पुसली गेली, कुलूप राहिलं. ॲण्ड्रॉइड ५.१ पासून चोरीविरुद्ध ही सोय आहे. गूगल खातं आत असताना बटणं दाबून रीसेट केला की फोन त्याच खात्याचा पासवर्ड मागतो. देणारा मुंबईला परतलेला, पासवर्ड विसरलेला, म्हणजे फोन गेलाच. क्रम असा : आधी व्हॉट्सॲप नव्या फोनवर नेऊन घ्या, यूपीआयची ॲपं काढा, मग सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये जाऊन गूगल खातं काढा, स्क्रीन लॉक काढा, आणि शेवटी सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रीसेट करा. आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ बंद करून आयक्लाउडमधून बाहेर पडायचं, मग रीसेट. सिम आणि मेमरी कार्ड हाताने काढा. रीसेटने कार्डावरचे फोटो जातीलच असं नाही. फोन पुन्हा चालू करा, भाषा निवडून, वायफाय जोडून पुढे जा; तरीही तो जुनं खातं मागत नाही, तेव्हाच गोळा करण्याच्या डब्यात ठेवा.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते. तिकडे सिम नसलेला फोनही इमर्जन्सीला चालतो म्हणून जुने फोन गोळा करतात, असं ती सांगते. मग इथे सिमची भानगड कशाला?
— देवगड

उत्तर : तिचं खरं आहे. तिकडे ग्राहक नसलेल्या फोनवरूनही ९११चा कॉल पुढे नेणं कंपन्यांना बंधनकारक आहे. आणि गोळा झालेले पुष्कळसे फोन बायकांच्या हाती न जाता विकले जातात, त्या पैशांतून आधारगृहं चालतात. आपण मात्र सिम घातलेला, रिचार्ज असलेला फोनच द्यावा. पोलिसांइतकीच तिला आईला, वकिलाला, संरक्षण अधिकाऱ्यालाही (घरातल्या मारहाणीच्या तक्रारी पाहणारा सरकारी अधिकारी) फोन करण्याची गरज असते. रिचार्ज संपला की आधी आउटगोइंग बंद होतं, मग इनकमिंग. म्हणून फोनसोबत तीन महिन्यांचा रिचार्ज द्या. बऱ्याचदा हँडसेटपेक्षा तोच मोलाचा ठरतो.

तुमच्या नावाचं सिम मात्र देऊ नका. ते तिच्याच नावावर, तिच्या अंगठ्याने घ्यायला हवं. नवऱ्याच्या नावावरचं सिम असेल तर तो दुकानात जाऊन दुसरं सिम काढू शकतो आणि तिचं बंद पाडू शकतो.

प्रश्न : शेजारच्या वहिनीला नवरा मारतो. तिचा फोन त्याने काढून घेतलाय. तिला गुपचूप एक फोन देऊ का?
— नाव देत नाही, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आधी तिला विचारा, ती एकटी असताना, आणि नको म्हणाली तर तिथेच थांबा. सापडलेल्या फोनमुळे मार वाढतो. घरातल्या माणसाचा स्वभाव आणि त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा तिला ठाऊक असतात, आपल्याला नाही. कधी फोन तुमच्याच घरी ठेवून ती पाण्याला येते तेव्हा बोलणं, हा मार्ग बरा असतो. फोन कुठे लपवावा, हे आम्ही छापत नाही. हे मासिक घरातले सगळेच वाचतात.

ती हो म्हणाली तर रिंग, व्हायब्रेशन, बटणांचा आवाज सगळं बंद करून द्या; लाकडी फळीवर थरथरणारा फोन माजघरापर्यंत ऐकू येतो. स्मार्टफोन असेल तर तिचं जुनं जीमेल त्यात मुळीच घालू नका. त्या खात्याचा पासवर्ड नवऱ्याकडे असेल तर फोन कुठे आहे हे त्याला नकाशावर दिसतं. नवं खातं, नवा पासवर्ड. ११२, महिला हेल्पलाइन १८१ आणि मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हे नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या. वकील फुकट मिळण्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही.

जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्याकडून सखी वन स्टॉप सेंटरचा (अशा बायकांना एकाच छताखाली मदत देणारं सरकारी केंद्र) आणि संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता मिळतो. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली तक्रारीचा अहवाल तयार करणं हे संरक्षण अधिकाऱ्याचं काम आहे, आणि तिच्या वतीने तुम्हीही त्यांना कळवू शकता. फोन कुणाला दिला त्याचा फोटो काढू नका, ग्रुपवर टाकू नका. वाडी लहान असते, हातावरच्या बांगड्यांवरूनही बाई ओळखू येते.

आणखी एक. तिचा स्वतःचा जुना फोन कधी परत मिळाला, काच फुटलेला का असेना, तर तो रीसेट करू नका आणि कुठल्याही गोळा करण्याच्या डब्यात टाकू नका. धमकीचे मेसेज आणि तारखांसकट फोटो त्यात असतील तर तो पुरावा आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा मेसेजना प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला तर ते काम सोपं होतं. बंद करून, कोरड्या डब्यात, तिच्या माहेरी किंवा वकिलाकडे ठेवायला सांगा.