दुपारी डीओ १२, मग पहाटे मासे का मरतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कागदाचं (प्लॅस्टिक अंथरलेलं) शेततळं, पाणी हिरवंगार, आत कटला-रोहू. दुपारी तीनला मीटर डीओ, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, १२ मिलिग्रॅम दाखवतो, तरी पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताहेत आणि गेल्या ढगाळ आठवड्यात काही मेलेसुद्धा. मीटर बिघडलाय का, आणि भीमेचं पाणी आत घेतलं तर फरक पडेल का?

मीटर बहुतेक ठीक आहे. तो १२चा आकडाच तुमच्या तळ्याचं दुखणं सांगतोय.

पाणी हवेतून ऑक्सिजन घेतं, पण त्याला मर्यादा असते आणि पाणी तापेल तशी ती कमी होते. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६. आपण समुद्रसपाटीपासून बरेच वर, म्हणजे इथे आणखी थोडा कमीच. तुमचं पाणी दुपारी ३२ अंशांच्या आसपास असेल, तर हवेच्या जोरावर ते सातच्या जवळपासच थांबायला हवं. वरचे पाच आले कुठून? पाणी हिरवं करणाऱ्या शेवाळातून. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ, सोबत मासे आणि तळाचा गाळ, सगळे मिळून तो खातात. दिवसभर कमवायचं आणि रात्रीत उडवायचं, असा हा संसार आहे. दुपारी आकडा जितका चढेल, तितका तो पहाटे खाली येण्याचा धोका मोठा. दिवस उगवायच्या अगदी आधी तो सगळ्यात खाली असतो, आणि त्या वेळी तुमचा मीटर घरात असतो.

ढगाळ दिवसात मासे का मेले, तेही यातच आलं. ऊन नाही म्हणून दिवसाची कमाई झाली नाही, रात्रीचा खर्च मात्र तेवढाच राहिला.

आज रात्रीपासून काय करायचं ते आधी सांगतो. खाद्य आणि शेणखत, कोंबडखत, सगळं बंद करा. मध्यरात्रीपासून ऊन येईपर्यंत एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा. एरेटर नसेल तर पंपानं तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून फवारा मारून परत तळ्यात सोडा. शेतीची लाईट रात्री कधी असेल कधी नसेल, म्हणून डिझेल इंजिनाची सोय हाताशी ठेवा. पहाटे तीन वाजता लाईट गेली की शोधाशोध करायला वेळ उरत नाही. बोअरचं पाणी सोडणार असाल तर तेही उंचावरून पाडूनच सोडा, कारण जमिनीखालून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन बऱ्याचदा अगदी कमी असतो. आणि हात जोडून सांगतो, शेवाळ मारायचं औषध एकदम टाकू नका. एकाच वेळी मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही ओढून घेतं आणि एका रात्रीत तळं रिकामं होतं.

आता मोजण्याबद्दल. पहाटे साडेपाचला आणि दुपारी तीनला, दोन्ही वेळा, वरून एक फूट खाली आणि तळाजवळ, असं वाचन घ्या. सोबत पाण्याचं तापमान लिहा. कटला-रोहूसारख्या कार्प माशांसाठी पहाटेचा डीओ पाचच्या वर असेल तर उत्तम, तीनच्या खाली मासा अडचणीत आहे असं समजा. तुमच्या मीटरचा प्रोब (पाण्यात बुडवायचा भाग) टोकाला पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, असलेला असेल तर तो पाण्यात हळूहळू हलवत ठेवा. हा प्रोब मोजताना स्वतःच थोडा ऑक्सिजन खातो, त्यामुळे स्थिर धरला तर आकडा खोटा खाली येतो. प्रकाशावर चालणाऱ्या प्रोबला ही भानगड नाही.

मीटरवर विश्वास बसत नसेल तर रसायनांनी ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत आहे. १८८८ची आहे आणि आजही मीटर तपासायला तीच वापरतात. ३०० मिलीच्या काचेच्या बाटलीत नळी तळापर्यंत घालून पाणी भरायचं, बाटली दोन-तीनदा भरून ओसंडू द्यायची, एकही बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड, एकेक मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून. बूच लावून उलटसुलट केलं की तपकिरी साका बसतो. साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजनच नाही, पुढे काही मोजायची गरज नाही. तपकिरी असेल तर सल्फ्युरिक आम्लानं तो विरघळून पाणी पिवळं होतं. आम्ल जहाल आहे, हातमोजे घाला. त्यातलं २०० मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं. रंग फिका झाला की स्टार्च घालायचं, पाणी निळं होतं. ते निळेपण ज्या थेंबाला जातं तिथे थांबायचं. जितके मिली थायोसल्फेट लागलं, लिटरमागे तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन.

राहिला नदीचा प्रश्न. पुणे-पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि भीमा उजनी धरणात. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवं होतं ते तुम्ही पाहिलंच असेल, म्हणजे तुमच्याच तळ्याचं दुखणं मोठ्या प्रमाणावर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात आंघोळीच्या पाण्याला डीओ किमान ५ आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) जास्तीत जास्त ३ लागतो, मासेमारीच्या पाण्याला डीओ किमान ४. पण अशा हिरव्या पाण्याचा नमुना दुपारी घेतला तर ते ५ची अट सहज पार करेल. म्हणूनच डीओसोबत बीओडी बघावा लागतो. एकाच पाण्याच्या दोन बाटल्या बुडबुडा न ठेवता भरा. एक लगेच मोजा, दुसरी अंधारात २७ अंशांना तीन दिवस ठेवून मोजा. जितका ऑक्सिजन कमी झाला तेवढी त्या पाण्यातल्या घाणीची भूक. दुसरी बाटली शून्यावर आली तर भूक त्याहूनही जास्त आहे, मग पाणी पातळ करूनच मोजावं लागतं. असं पाणी तळ्यात घेणं म्हणजे पहाटेचा खड्डा आणखी खोल करणं, म्हणून माझं स्पष्ट मत: घेऊ नका. जलपर्णीनं झाकलेल्या पट्ट्यातून तर अजिबात उचलू नका, खाली ना ऊन पोचतं ना हवा.

आणि डीओ चांगला आला तरी जंतू, कीटकनाशकं, जड धातू यांबद्दल तो काहीच सांगत नाही. पिण्यासाठी पाणी चांगलं का, हा प्रश्न वेगळा, त्याच्या तपासण्या वेगळ्या.

तीन-चार पहाटेची वाचनं, तापमान, तळ्याची खोली आणि माशांची अंदाजे संख्या इथे टाका. एरेटर किती ताकदीचा लागेल ते त्यावरून सांगता येईल.